पायाखालचा बगीचा

गंगापूर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये त्या काळी गिऱ्हाइकांचे दोन प्रकार असत. फूल बघून भाव विचारणारे, आणि भाव ऐकून फुलाला नावं ठेवणारे. देवरेकाका दोन्हींत बसत नसत. ते नर्सरीच्या दारात चपला काढत, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा जोडून ठेवत, पायजमा घोट्याच्या वर ओढत आणि जमिनीवर पसरणाऱ्या रोपांच्या ट्रेमध्ये सरळ उजवा पाय ठेवत. मग डोळे मिटून घेत.

"ओ काका! पाय काढा, पाय! विकायचा माल आहे!"

"विकायचाय ना? मग बघू द्या की."

"हातानं बघा ना!"

"तुमच्याकडे लोक हातावर चालतात का?"

नर्सरीवाला मग माझ्याकडे बघायचा. मी तोवर गुलाबांच्या कुंड्यांपाशी पोचलेलो असे आणि आपण या गृहस्थांना ओळखत नाही असा चेहरा केलेला असे. पण काकांची पिशवी माझ्याच हातात असे, त्यामुळे तो चेहरा फुकट जाई. काका डोळे मिटलेलेच ठेवून निकाल देत. "खरखरीत आहे. हे नको. भाऊसाहेब, पुढचा ट्रे." भाऊसाहेब म्हणजे मी. मी एका बँकेत कारकून होतो, पण काकांनी मला पहिल्या दिवसापासून असिस्टंट मानलं होतं, आणि बँकेपेक्षा त्या हुद्द्यावर मला बढतीची आशा जास्त होती.

देवरेकाका आमचे शेजारी. मूळचे सटाण्याकडचे. एस.टी.त डेपो मॅनेजर म्हणून निवृत्त झाले आणि गंगापूर रोडच्या मागे, आदल्या सालापर्यंत द्राक्षाच्या मांडवाखाली असलेल्या जमिनीत, प्लॉट घेऊन त्यांनी घर बांधलं. भिंतीपलीकडचा प्लॉट मी घेतला. आमची ओळख झाली ती माझ्या लॉनमुळे. नवं घर म्हटल्यावर समोर लॉन हवं, लॉनवर वेताच्या खुर्च्या हव्यात, खुर्च्यांवर आम्ही हवे, असं चित्र मी कुठल्याशा कॅलेंडरवर पाहिलं होतं. कोरियन गवत आणलं. नळाला पाणी सकाळी तेवढं यायचं. त्यात अंघोळ माणसांनी करायची की लॉननं, यावर आमच्या घरात रोज चर्चा व्हायची आणि मी गोरा-मोरा होऊन ऑफिसला जायचो. उन्हाळ्यात लॉन पिवळं पडलं. पावसाळ्यात त्यातून लव्हाळा तरारून आला. काकांनी भिंतीवरून एकदा शांतपणे पाहणी केली.

"भाऊसाहेब, लव्हाळा छान आलाय. मधनं मधनं लॉन उगवलंय, तेवढं उपटून टाका."

जमिनीवर पसरणाऱ्या यच्चयावत वनस्पतींना त्यांनी गाड्यांच्या जाती वाटून दिल्या होत्या. लॉन म्हणजे एशियाड; दिसायला झोकात, पण घाट लागला की बसली. हरळी म्हणजे लाल डबा, कुठंही जाते आणि कधी तक्रार करत नाही. पिवळ्या फुलांचं ते वेडेलिया मी एकदा मोठ्या कौतुकानं त्यांना भेट द्यायला नेलं, तर त्यांनी फाटकातच अडवलं. "हा विनातिकीट प्रवासी. आज दाराशी उभा राहील, उद्या सीटवर बसेल, परवा मला उतरवेल." मी ते परत आणून माझ्याच कुंपणाशी लावलं. आता तिथं कुंपण आहे असं ऐकून आहे, दिसत नाही.

पण रोपांवर पाय ठेवण्याचा प्रकार हा नुसता विक्षिप्तपणा नव्हता. त्याचं कारण घरात होतं. काकूंना साखरेचा जुना आजार. त्यानं डोळ्यांचा पडदा गेला, लेझर झालं, पुन्हा झालं, आणि शेवटी उजेड कुठं आहे आणि सावली कुठं आहे एवढंच त्यांना कळू लागलं. घरात त्या सराईतपणे वावरायच्या. प्रश्न सकाळच्या फुलांचा होता. देवाची फुलं आपली आपण तोडायची आणि ती एकटीनं जाऊन तोडायची, हा त्यांचा नेम. मागच्या पायरीवरून उतरायचं, नळापाशी जायचं, आमच्या भिंतीच्या कोपऱ्यावर डावीकडे वळायचं, की शेवटाला जास्वंद आणि तगर. कोपऱ्यावर उजवीकडे वळलं तर पाण्याचा हौद. काका हात धरायला गेले की त्या झटकून टाकत.

"सोडा हात. मी काय ल्हानी पोर शे का?"

त्यांचा मुलगा प्रकाश पुण्याला होता. त्याचा फोन आला की एकच मुद्दा: आईला एकटीनं फिरता येत नसेल तर घर विका आणि इकडे या. आईला एकटीनं फिरता येतंय, हे सिद्ध करणं म्हणजे काकांच्या दृष्टीनं गाडी वेळेवर सोडण्यासारखं होतं. म्हणून त्यांनी वाट अशी आखली, की पावलांना वाचता यावी. पायरीपासून नळापर्यंत हरळी, टोचरी. नळाच्या ओलीवर ब्राह्मी, गार. आणि वळणापासून फुलांपर्यंत ऑफिस टाइम; दहा वाजता फुलणारं ते गुबगुबीत पानांचं रोप, पायाखाली मऊ लागायचं. त्यासाठीच सगळ्या नर्सऱ्यांमधून ते अनवाणी हिंडत होते.

वाट तयार झाली तेव्हा चाचणीसाठी प्रवासी हवा होता. काकांनी मफलर माझ्या डोळ्यांवर बांधला. काकू पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. मी हरळीवरून ऐटीत निघालो. पाय गार पडताच "ब्राह्मी! नळ आला!" असं विद्वानासारखं जाहीर केलं, आणि त्याच आत्मविश्वासानं ऑफिस टाइम शोधत शोधत हौदात जाऊन बसलो.

काकू इतक्या हसल्या की शेंगांचं सूप कलंडलं. "काय पडलं हो? बादली का?"

"असिस्टंट पडला," काका म्हणाले. मला बाहेर ओढताना त्यांनी तपासाचा अहवालही दिला: "मार्ग बरोबर आहे. ड्रायव्हरचा दोष." तरीपण त्याच संध्याकाळी हौदाला पत्र्याचं झाकण आलं.

काकूंनी मात्र वाट पहिल्या झटक्यात पार केली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. परडी घेऊन जायच्या आणि भरून आणायच्या. काका रोज पायरीशी उभे राहून विचारायचे, "कसं लागतंय पायाला?" काकू म्हणायच्या, "मऊ." कधी म्हणायच्या, "आज जरा गार." काकांचा चेहरा असा व्हायचा की जणू सगळ्या डेपोची तपासणी होऊन एकही शेरा आला नाही. पुण्याचे फोन कमी झाले. मीही त्या यशात थोडा वाटा धरून होतो. हौदात बसण्याला काही किंमत असतेच की.

असं बरंच चाललं. मग माझ्या मेव्हण्याचं लग्न निघालं आणि आम्ही सगळे घोटीला गेलो. पाहुणचार आटपून परत आलो तर काकूंचा पाय बँडेजमध्ये, आणि काका पायरीवर, हातात तपकिरीची डबी, पण ओढत नव्हते.

झालं होतं ते असं. काकू कोपऱ्यावर उजवीकडे वळल्या आणि हौदाच्या पत्र्याच्या कडेनं त्यांच्या तळव्याला लांब चीर गेली. त्यांना ते कळलंच नाही. तशाच चाचपडत परत फिरल्या, घरात आल्या, चहा ठेवला. काका स्वयंपाकघरात आले तर फरशीवर लाल पावलं. "पाय सटकताहेत, नळापाशी पाणी साचलंय का बघा," काकू त्यांनाच सांगत होत्या. डॉक्टरांनी तळव्यांवर ठिकठिकाणी टोचून पाहिलं. साखरेनं तळव्यांची जाणीव गेली होती, आजकालची नव्हे, चांगली जुनी. यापुढे अनवाणी एक पाऊल नाही, असं बजावून त्यांनी कॅनव्हासचे बूट लिहून दिले.

"म्हणजे मी रोज विचारायचो तेव्हा?" काका माझ्यासमोरच काकूंना म्हणाले. "मऊ म्हणायचीस. गार म्हणायचीस."

"तुम्ही एवढ्या हौसेनं विचारायचे," काकू म्हणाल्या. "आज मऊ म्हणू का गार म्हणू, एवढंच मी ठरवायची."

"आणि वळायचीस कशी?"

काकूंनी आमच्या भिंतीकडे बोट केलं. "ह्यांचं गाणं."

माझ्या बाथरूमची खिडकी त्या कोपऱ्यावर होती. सकाळी अंघोळ करताना मी एक भावगीत म्हणतो. अर्धंच येतं, म्हणून पुन्हा पुन्हा म्हणतो. ते डाव्या कानाला जोरात येऊ लागलं की काकू डावीकडे वळायच्या. मी घोटीला गेलो आणि वळण बंद पडलं. माझ्या गायनाचा कोणालातरी उपयोग झाला, हे ऐकून मला खरं म्हणजे भरून आलं होतं. तेवढ्यात काकू समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, "सुराकडे मी लक्ष नाही देत, भाऊ. कुठून येतंय तेवढंच बघते."

मी लगेच, आता कुठंच जाणार नाही, रोज गाईन, असं सांगून टाकलं. माझ्या बायकोनं ते भिंतीअलीकडून ऐकलं. "तुमच्या घशावर त्यांचं घर उभं करू नका," ती म्हणाली. "आणि माझा पण विचार करा."

प्रकाश पुण्याहून आला तो गाडीच्या डिकीत पेव्हर ब्लॉकचा नमुना घेऊनच. तेव्हा नाशकात पेव्हरची साथ होती. लोक अंगणं सपाट करून त्यावर मोटारी उभ्या करत होते आणि मोटार नसलेले नुसतेच सपाट करत होते. त्यानं तो लाल ठोकळा टीपॉयवर ठेवला.

"अण्णा, गवतबिवत सगळं काढायचं. पूर्ण पेव्हर. पायरीपासून भिंतीपर्यंत स्टीलचं रेलिंग. नाहीतर सरळ पुण्याला चला. लिफ्ट आहे, दिवसभराची बाई ठेवू."

"आणि फुलं रे?" काकू म्हणाल्या.

"फुलवाला रोज दाराला पुडी अडकवतो, आई."

"मग पुडी तूच वाहत जा," काकू म्हणाल्या. "आम्ही दोघं इथं रेलिंग धरून उभे राहतो, गाडी कधी लागते ते बघत."

प्रकाश वाईट मुलगा नव्हता. तो आईच्या बँडेजकडे बघत होता. काकांनी ज्यासाठी वर्षभर चपला काढून नर्सऱ्या तुडवल्या, ते सगळं काकूंच्या पायांपर्यंत पोचलंच नव्हतं, हे त्यांना नुकतंच कळलं होतं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, घाल बाबा पेव्हर. काका म्हणाले, "दसऱ्यापर्यंत थांब."

"दसऱ्याला काय होणार आहे?"

"तू ये. बघ."

दसऱ्याला काय होणार आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते सुचलं काकूंमुळेच. पायरीवर बसून त्या सहज म्हणाल्या, "भाऊंच्या घरी आज वांगी लागली वाटतं करपायला," आणि आमच्या घरातून बायकोची धावपळ ऐकू आली. काकूंचे डोळे गेले होते, तळवे गेले होते, पण नाक असं होतं की कॉलनीत कोणाला काही लपवून तळता येत नसे. काका उठून उभे राहिले. पायाखाली लागलं नाही तर नाही. चुरडल्यावर वास सुटेल अशी रोपं लावायची! बूट घालूनच तुडवायची!

अडचण एकच होती. काकांना स्वतःला वास येत नसे. आयुष्यभर डेपोतला डिझेलचा धूर आणि त्यावर तपकीर. नाक फक्त चष्मा ठेवायला उरलं होतं. "भाऊसाहेब," ते म्हणाले, "यापुढे तुमचं नाक."

नर्सऱ्यांची फेरी पुन्हा सुरू झाली. फरक इतकाच, की आता ते बुटांसकट ट्रेमध्ये पाय आपटत आणि चिरडलेलं पान माझ्या नाकाशी धरत. "ओढा." नर्सरीवाले आम्हाला लांबून ओळखू लागले, एकानं आम्ही दिसताच ट्रे उचलून टेबलावर ठेवायला सुरुवात केली. तरी पुदिना मिळाला, तो नळाशी लागला. पानांचा ओवा मिळाला. जाड, लवदार पानांचा, जमिनीला धरून पसरणारा आणि नुसता धक्का लागला तरी घमघमणारा. तो पायरीशी आणि पुढं फुलांच्या वाटेवर. वळणावर डाव्या हाताला गवती चहाची रांग, चालताना घोट्याला घासणारी. हौदाच्या बाजूला काय लावावं याचाच शोध राहिला होता.

त्या रविवारी मला सर्दी झाली होती. हे काकांना सांगायला हवं होतं, पण एवढ्या जबाबदारीच्या नाकाला सर्दी झाली हे सांगायची मला लाज वाटली. नर्सरीवाल्यानं एक जांभळ्या फुलांचं पसरट रोप काढलं. "लँटाना, साहेब. नवीन आलंय. जमिनीवर मस्त पसरतं, पाणी लागत नाही, जनावर तोंड लावत नाही." या शेवटच्या वाक्यावर कोणाही शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. मी पान नाकाशी धरलं आणि जाणकारासारखी मान डोलावली. "फार सुंदर, काका. सौम्य आहे." आम्ही डोकं लावून भाव कमी केला, रिक्षात भरून रोपं आणली, हौदाच्या कडेनं सगळीकडे लावली.

रोपं जरा पसरल्यावर काकूंचा बूट त्यावर पडला. त्या जागच्या जागी थांबल्या.

"ही घाणेरी कोणी लावली?"

"घाणेरी नाही गं. लँटाना आहे."

"अहो, वणीच्या गडाखाली म्हशी जिला वळसा घालून जातात, तीच ही घाणेरी. आणि तुम्ही दोघांनी विकत आणली?"

काका सावकाश माझ्याकडे वळले. "नाक रजेवर होतं का?"

मी सर्दीची कबुली दिली. नाशिकच्या चारी बाजूंच्या डोंगरांवर फुकट माजणारी वस्तू आम्ही भाव करून आणली होती, आणि 'सौम्य' हा शब्द पुढे कित्येक दिवस माझ्या ताटात वाढला गेला. काका उपटायला खाली वाकले तर काकूंनी अडवलं.

"राहू द्या. हौदाशीच ठेवा. इथं पाय पडला की समजेल, आपण चुकलो."

असं माझं एकमेव यशस्वी रोप त्या बागेत कायम झालं.

दसऱ्याला प्रकाश आला. काका त्याच्या शेजारी पायरीवर उभे होते, हात मागे बांधून. ते बांधलेले हात एकमेकांना किती घट्ट धरून होते हे मला भिंतीवरून दिसत होतं. त्या सकाळी मी गाणं म्हणायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती. काकू परडी घेऊन उतरल्या. ओवा. पुदिना. मग कोपऱ्यावर त्यांचा एक बूट उजवीकडे पडला. प्रकाश पुढे झाला, काकांनी त्याच्या दंडाला धरलं. काकूंनी नाक मुरडलं, "शी," म्हणाल्या, आणि डावीकडे वळल्या. गवती चहा हलला. काकू आमच्या नजरेआड गेल्या, आणि थोड्या वेळानं कोपऱ्यावरून परत आल्या.

परडीत जास्वंद होती, तगर होती. काकूंनी त्यातलं एक फूल चाचपून प्रकाशच्या हातात दिलं. "घे. तुझ्या पेव्हरला वाहा."

तो हसला आणि मग डोळे पुसायला आत गेला. रेलिंगचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. नमुन्याचा ठोकळा काकांनी नळाखाली बादली ठेवायला घेतला.

एवढ्यावर काकांनी समाधान मानायला हवं होतं. नाही मानलं. काकू एकट्या जाऊ शकतात हे त्यांनी जगाला पटवलं. स्वतःला पटवायचं राहून गेलं होतं. रोज सकाळी काकू पायरी उतरल्या की हे चपला काढून, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून श्वाससुद्धा आवरून, त्यांच्या मागे मागे निघायचे. त्या थांबल्या की हे थांबायचे. त्या फुलं तोडून वळल्या की हे गडबडीनं, चवड्यांवर, आधी पायरी गाठायचे आणि पेपर उघडायचे. मी ब्रश करता करता गच्चीतून हे बघायचो आणि कोणाला बोलायचो नाही.

आमची धुळ्याला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो. काकूंनी चहा दिला. काका आतून पिशवी शोधत होते. ओव्याच्या फांद्या बांधून द्यायच्या होत्या. मी म्हटलं, "काकू, आता तुम्ही बिनधास्त एकट्या फिरता."

"कसली एकटी?" त्यांनी आवाजही खाली केला नाही. "हे येतात ना मागून. मी ओव्यावरून पुढं गेले की वास विरायला लागतो, आणि मग मागून परत ताजा सुटतो. रोज. आवाजाचा बंदोबस्त केलाय त्यांनी. वासाचं त्यांना कोण सांगणार?"

आतली पिशवीची खडखड थांबली. काका दारात आले.

"तुम्ही मांगेमांगे येतस, माले समजस," काकू तिकडे तोंड करून म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नका."

काकांनी माझ्या हातात फांद्यांची पिशवी दिली आणि धुळ्याच्या गाड्या कोणत्या स्टँडवरून सुटतात ते मला ठाऊक असूनही सविस्तर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा टेम्पो भरत होता. मी शेवटचं म्हणून गच्चीत गेलो. काकू परडी घेऊन पायरी उतरत होत्या. काका दारात होते, अनवाणी. काकू ओव्यातून चालत पुढे गेल्या, आणि सवयीनं काकांचाही पाय उचलला गेला. मग त्यांना आठवलं असावं. एका हातानं चौकट धरून ते एका पायावर उभे राहिले, दुसरा पाय ओव्याच्या पानांवर तसाच अधांतरी. तो त्यांना पुढे टाकवेना आणि मागे घेववेना. काकू पुदिन्यापर्यंत गेल्या, कोपऱ्यावर डावीकडे वळून दिसेनाशा झाल्या. खालून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. काकांचा पाय अजून हवेतच होता.